जुन्या मारुतीचा कार्बोरेटर घरी साफ करताना

गणपती बसायच्या आधीच्या आठवड्यात गाडी बाहेर काढली आणि कोल्हापूरच्या दसरा चौकाच्या सिग्नलला ती तीनदा बंद पडली. चोक (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारं बटण) ओढून ठेवला की चालायची, आत ढकलला की मान टाकायची. तिसऱ्या वेळी मागचा रिक्षावाला हॉर्न न मारता नुसता हसला, ते जास्त लागलं.

गाडी १९९७ ची मारुती ८००, आबांनी हौसेनं घेतलेली. अख्खा पावसाळा अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. एका गॅरेजमध्ये दाखवली तर बॉनेट उघडायच्या आधीच उत्तर मिळालं, "कार्बोरेटर गेला, नवा टाका." कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, आणि तो गेला नव्हता. नुसता घाण झाला होता. आजवर मी हा कार्बोरेटर चार वेळा उतरवलाय आणि मित्रांच्या गाड्यांचे तीन-चार पाहिलेत. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: कार्बोरेटर सहसा आपला आपण बिघडत नाही. तो कचऱ्यानं तुंबतो, आणि मग कुणीतरी घाईनं स्क्रू फिरवून त्याला बिघडवतं. म्हणून या लेखात काय करावं याच्याइतकंच कशाला हात लावू नये तेही आहे.

हे सगळं कार्बोरेटरवाल्या गाड्यांसाठी. म्हणजे साधारण २००० सालापर्यंतच्या मारुती ८०० आणि ओम्नी, पेट्रोलवरची अँबॅसिडर, प्रीमियर पद्मिनी वगैरे. नंतरच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांना यातलं काही लागू नाही. माझी उदाहरणं मारुतीची आहेत. तत्त्व सगळीकडे तेच, स्क्रूंच्या जागा मात्र वेगळ्या.

घाण येते कुठून

पेट्रोल उडून जातं, पण पूर्ण जात नाही. मागं तपकिरी, चिकट थर राहतो, जुन्या वार्निशसारखा वास येणारा. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या खणातलं, वाटीभर पेट्रोल असंच आटतं आणि तो थर बरोबर सगळ्यात बारीक भोकांत बसतो. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोकाचं पितळी बूच. पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असतं (स्लो) तेव्हाचा तो स्लो जेट, गाडी पळतानाचा मेन जेट. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असतं. माणसाचे सहा-सात केस एकाला एक लावून ठेवले तर होईल तेवढीच त्याची रुंदी. ते बुजायला कितीसा कचरा लागणार?

त्यात आता इथेनॉल. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल टप्प्याटप्प्यानं पंपांवर आलं. कोल्हापूरकरांना याचं नवल नाही, आपल्याच शिवारातला ऊस कारखान्यात जातो आणि डिस्टिलरीतून निघून आपल्याच टाकीत येतो. इंजिनात ते जळतं, तक्रार त्याची नाही. तक्रार आहे ती उभ्या गाडीत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आणि पंचगंगा इशारा पातळीला टेकलेली असताना कोल्हापूरच्या हवेत पाण्याला काय तोटा! ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी झालं की इथेनॉल ते पाणी घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं, कारण पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. तळाशी म्हणजे नेमकं जिथून मेन जेट पेट्रोल घेतो तिथं. जस्त आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या बॉडीवर मग चुन्यासारखी पांढरी पूड धरते. जुन्या काळच्या रबरी नळ्या आणि पॅकिंग हे मिश्रण गृहीत धरून बनवलेली नव्हती, ती फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. वर आणखी, इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा साका सुटा करतं आणि तो फिल्टरकडे चालू लागतो.

आधी गाडीला विचारा

उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी मला पहिल्या भेटीत सुनावलं होतं, "पावणं, कुठं दुखतंय ते आदी इचारा, मग पोट फाडा." हे खरंच पाळा. कार्बोरेटरवर आळ घेऊन उतरवलेल्या गाड्यांपैकी कितीतरींचं दुखणं प्लग, फिल्टर नाहीतर फुटक्या नळीत असतं.

एअर फिल्टर उजेडासमोर धरून बघा. पेट्रोल फिल्टर पारदर्शक असेल तर त्यात गंज किंवा पाण्याचे थेंब दिसतात. तो स्वस्तात मिळतो, शंका असली तर बदलूनच टाका. प्लग काढून साफ करा. इंजिनाकडे जाणाऱ्या बारीक व्हॅक्यूम नळ्या बोटांनी वाकवून बघा, तडा असला तर वाकवल्यावर उघडतो. चोकची केबल आत ढकलल्यावर पाकळी खरोखर पूर्ण उघडते का, हे डोळ्यांनी बघा, नुसत्या बटणावर विश्वास ठेवू नका.

मग एअर फिल्टरचा डबा काढून, इंजिन बंद ठेवून, वरून कार्बोरेटरच्या घशात बघा आणि हातानं ॲक्सिलरेटरची केबल ओढा. आत पेट्रोलची बारीक धार उडायला हवी. उडाली तर दोन गोष्टी एकदम कळल्या, फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे आणि पिकअपचा पंप चालू आहे. मारुतीच्या कार्बोरेटरला फ्लोट चेंबरवर काचेची छोटी खिडकी असते, त्यात पेट्रोलची पातळी दिसते. खुणेच्या आसपास असली की फ्लोट, म्हणजे पातळी सांभाळणारा तरंगता डबा, ठीक. अँबॅसिडर-पद्मिनीवाल्यांना ही चैन नाही.

आणखी एक. चावी ऑन केल्यावर, इंजिन न लावता, कार्बोरेटरच्या अंगातून "टक्" असा आवाज यायला हवा. तो सोलेनॉइडचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेचा. चावी बंद केली की तो स्लोचं पेट्रोल तोडतो. त्याची वायर निघाली असेल तर गाडी स्लोवर उभीच राहत नाही, आणि माणूस मात्र जेट खोलत बसतो. आमच्या गल्लीत एकानं असा अख्खा रविवार घालवला होता. वायर परत खोचायला लागली असती दहा सेकंद.

लक्षणांवरून अंदाज असा बांधा. चोक ओढूनच चालते, आत ढकलला की बंद: स्लो जेट बुजला आहे किंवा कुठून तरी फालतू हवा ओढली जाते. काळा धूर, पेट्रोलचा वास, ॲव्हरेज घसरलं: ओव्हरफ्लो, म्हणजे नीडल (फ्लोट वर आला की पेट्रोल थांबवणारी सुई) नीट बसत नाही, नाहीतर चोक अडकलाय. पाय दाबल्यावर आधी ढेकर देते आणि मग पळते: पिकअपचा पंप. गावात ठीक, पण चढाला दम नाही: मेन जेट, फिल्टर किंवा दुसऱ्या घशाचा (पाय जोरात दाबल्यावर उघडणाऱ्या वाटेचा) व्हॅक्यूम डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा.

सामान

पाने ८, १०, १२ आणि १४ नंबरचे, रिंग असले तर उत्तम. स्क्रूड्रायव्हर मात्र चांगले हवेत. पितळेच्या जेटला खाचेत घट्ट, पूर्ण रुंदीनं बसणारा चपटा लागतो. खाच एकदा चेंबली की पुढचा प्रत्येक जण तुम्हाला शिव्या देणार, आणि पुढचा जण बहुधा तुम्हीच. वरच्या झाकणाचे स्टार स्क्रूही असेच. आधी ड्रायव्हर बसवून डोक्यावर हलका ठोका द्या, मग फिरवा.

कार्बोरेटर क्लीनर स्प्रेचे दोन डबे, रबरी हातमोजे, चष्मा, जुना टूथब्रश, धागे न सुटणारं सुती फडकं. तुमच्या मॉडेलचं रिपेअर किट आधी आणून ठेवा, त्यात पॅकिंग, नीडल-सीट, ओ-रिंग आणि पंपाचं रबर असतं. दुकानदाराला इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारं किट विचारा. नीडलचं टोक व्हिटॉनचं (इंधनाला टिकणाऱ्या रबराचं) असलं तर चांगलं. पेट्रोलची नळीही त्याच बोलीवर मीटरभर घ्या.

आणि थोडी तंगूस. रंकाळ्यावर गळ टाकून बसणाऱ्यांकडे असते तीच, अगदी बारीक. का, ते पुढं सांगतो.

एक पांढरं ताट घ्या, काठ असलेलं. स्वयंपाकघरातलं घेणार असाल तर ते परत जाणार नाही याची तयारी ठेवून घ्या. स्प्रेचा वास स्टीललाही सोडत नाही, हे मला घरच्यांनी नीट समजावलंय. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे स्क्रू ठेवायला फार कामाचा, प्रत्येक खड्ड्यात एका जागेचे स्क्रू.

जागा उघडी आणि वाहत्या हवेची हवी. बंद शेडमध्ये नको. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत सरपटत जाते आणि दहा पावलांवरच्या गीझरच्या ज्योतीपर्यंतही पोचते. जवळ वाळूची बादली किंवा पावडरचा अग्निशामक ठेवा. सिगरेट, उदबत्ती, चुलीवरचं पाणी, काही नको. बॅटरीची निगेटिव्ह तार पहिली काढा.

उतरवताना

इंजिन पूर्ण गार हवं. मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा, नंतर अजून काढा. प्रत्येक नळीला चिकटपट्टीचा तुकडा लावून आकडा टाका आणि जिथून ती निघाली त्या तोंडालाही तोच आकडा. व्हॅक्यूमच्या दोन नळ्या अदलाबदल झाल्या तर गाडी चालते, पण अशी विचित्र चालते की कारण सापडत नाही.

ॲक्सिलरेटरची केबल, चोकची केबल, सोलेनॉइडची वायर, मग पेट्रोलच्या नळ्या. नळी काढली की थोडं पेट्रोल येणारच. खाली फडकं धरा आणि नळीच्या तोंडात योग्य जाडीचा बोल्ट खोचून ठेवा. कार्बोरेटरला कुलंटच्या नळ्या असल्या तर त्याही बंद करा. मग बुडाचे नट किंवा बोल्ट. त्यातला एक नेहमी अशा जागी असतो जिथं पाना अर्धा आटाच फिरतो. चिडू नका, पाना उलटा करून बघा.

कार्बोरेटर सरळच उचला, आत पेट्रोल आहे. आणि उचलल्या उचलल्या, दुसरं काहीही करायच्या आधी, मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरकडून सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेच्या) उघड्या तोंडात स्वच्छ फडक्याचा बोळा बसवा. तिथून आत पडलेला वॉशर सरळ सिलिंडरकडे जातो, मग कामाचा खर्च शंभरपट.

फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओता आणि पाच मिनिटं उन्हात नाही, सावलीत ठेवून बघा. माझ्या बाटलीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा वेगळा, किंचित धुरकट थर स्पष्ट दिसत होता, वर पिवळं पेट्रोल. वाकवलं की खालचा थर पाऱ्यासारखा वेगळा सरकायचा. दुखणं त्याच क्षणी कळलं.

खोलताना

बाहेरून आधी ब्रशनं आणि घासलेटनं माती-तेल काढा. बाहेरची घाण आत नेण्यासाठी हे काम नाही.

वरचं झाकण काढायचे स्क्रू सगळे सारख्या लांबीचे नसतात. अंड्याच्या ट्रेत त्याच क्रमानं. झाकण चिकटलं असेल तर स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका, मऊ धातूवर कायमचा चर पडतो. लाकडी मुठीनं बाजूनं ठोका.

आता सावध. पिकअपच्या पंपाच्या वाटेत छोटी स्टीलची गोळी असते, बऱ्याच कार्बोरेटरांत तिच्यावर एक बारीक वजनही. बॉडी उलटी केली की गोळी निघून पळते. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या वेळी मी कचरा झटकायला म्हणून बॉडी उपडी केली, फरशीवर "टिंग" असा आवाज झाला आणि मग शांतता. काय पडलं तेच कळलं नाही! फोटो बघितले, पुस्तिका बघितली, तेव्हा उलगडा झाला. मोहरीपेक्षा थोडी मोठी गोळी, आणि अंगणात तुळशीवृंदावन, कुंड्या, सायकल, पोरांची वाळू. शेवटी फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक पिशवीत घालून दोन तास अंगण झाडत बसलो. गोळी मिळाली, सोबत सतरा टाचण्या आणि एक खिळा. तेव्हापासून बॉडी ताटावरच उलटी करतो, आणि गोळी कुठल्या भोकातून आली त्याचा फोटो आधी.

फ्लोटची पिन हलकेच ढकलून काढा, एका बाजूनंच निघते, जबरदस्ती नको. फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय, बदलायचा. नीडलचं टोक नखावर फिरवून बघा. गोल चर लागला तर ओव्हरफ्लो तिथूनच होता. फ्लोटच्या पत्र्याची जीभ वाकवून पातळी बदलायचा मोह होईल. कंपनीची मापं हातात असल्याशिवाय नको.

जेट काढताना एक-एक काढा आणि त्याच्यावरचा आकडा लिहा. मारुतीच्या कार्बोरेटरला दोन घसे असतात, पहिला नेहमीच्या चालीला, दुसरा पाय जोरात दाबल्यावर उघडणारा. दोघांचे मेन जेट दिसायला भाऊ-भाऊ, पण आकडे वेगळे. अदलाबदल केलीत तर गाडी गावात पेट्रोल पिईल आणि चढाला रडेल.

मिक्स्चरचा स्क्रू (स्लोला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) कंपनीनं बूच मारून बंद केलेला असेल आणि ते बूच शाबूत असेल तर सोडून द्या. उघडा असेल तर काढण्याआधी हळू आत फिरवत न्या, टेकेपर्यंत आटे मोजा आणि लिहा: "अडीच", "दोन आणि पाव", जे असेल ते. टेकला की थांबा. पिळलात तर टोकाला कडा पडते आणि पुढं स्लो कधीच धड लागत नाही.

साफ करताना

रबरी सगळं बाजूला. क्लीनरचा थेंबही डायफ्रॅमवर नको, रबर फुगतं. पंपात कुठं डायफ्रॅम असतो, कुठं वाटीसारखं रबर लावलेला दांडा. दोन्ही किटमधून नवे टाका.

पितळी जेट क्लीनरमध्ये अर्धा तास भिजवा आणि मग आकाशाकडे धरून बघा. भोक गोल, स्वच्छ कडेचं, उजेडानं भरलेलं दिसायला हवं. चंद्रकोर दिसली तर अजून घाण आहे. इथं माणूस सेफ्टी पिन शोधतो. नको. पितळ मऊ, पोलाद कडक, एक ओरखडा आणि तुमचा जेट एक नंबरनं मोठा झाला. म्हणून तंगूस. ती आत-बाहेर ओढा, परत भिजवा, परत बघा. मेस्त्रींचे शब्द: "जेट म्हंजे सुईचं नाक न्हवं, हिऱ्याचं भोक हाय ते." हिऱ्याला भोक असतं का, हे मी त्यांना विचारलं नाही.

माझा स्लो जेट तंगुसीलाही दाद देईना. गुजरीत ओळखीचे एक सराफ आहेत, त्यांच्याकडे दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक मशिन आहे. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, त्यात जेट दहा-दहा मिनिटं दोनदा. पाण्यात तपकिरी धूर निघताना दिसला. बाहेर आले तेव्हा शेजारच्या ट्रेमधल्या नथीपेक्षा जास्त चमकत होते. हे करायचं असेल तर जेट आधी पेट्रोल-क्लीनरपासून पूर्ण कोरडे करा. त्या मशिनमध्ये पेटणारं द्रव कधीही घालायचं नाही.

बॉडीचं काम वेगळं. तिच्यात आतल्या आत बोगदे असतात, डोळ्यांना न दिसणारे. प्रत्येक भोकात स्प्रेची नळी लावून फवारा मारा आणि तो दुसऱ्या कुठल्या तरी भोकातून निघतोय का हे बघा. एका बाजूनं गेला आणि कुठूनच निघाला नाही, तर तोच बुजलेला रस्ता. भिजत ठेवा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मारा. चष्मा लावायचा तो याचसाठी. फवारा हमखास उलटून तोंडावर येतो. थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या, पाकळीजवळ घशाच्या भिंतीत दोन-तीन बारीक भोकं असतात, स्लोची आणि स्लोवरून पळतीकडे जातानाची. गाडी सिग्नलला बंद पडते ती बहुतेक याच भोकांमुळे, आणि बहुतेक जण नेमकी हीच विसरतात.

पांढरी पूड टूथब्रशनं आणि क्लीनरनं. पॉलिश पेपर, ॲसिड, कॉस्टिक नाही. जुनं पॅकिंग नखानं किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा. शेवटी कॉम्प्रेसरची हवा, घरी नसला तर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे. त्याच्याकडे जाताना गोळी, जेट, डायफ्रॅम काही बॉडीत राहू देऊ नका. एका झटक्यात रस्त्यापलीकडे जाईल.

आता एक परीक्षा, जिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. थ्रॉटलच्या पाकळीचा दांडा धरून वर-खाली हलवा. थोडीशी हालचाल चालते. पण खडखड वाजण्याइतका ढिला असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि तुम्ही कितीही साफ करा, स्लो जागेवर राहणार नाही. याला बुश बसवावं लागतं आणि ते लेथचं काम. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, त्या गावात पितळी बुश काढून देणारा मिळत नाही असं होत नाही. उद्यमनगरात चौकशी करा, नमुना म्हणून दांडा सोबत न्या. स्वतः ड्रिल मशिन घेऊन सुरू होऊ नका.

बुडाचा आणि झाकणाचा पृष्ठभाग आरशाच्या काचेवर ठेवून डुगडुगतो का तेही बघून घ्या. आधीच्या कुणी नट फार आवळले असतील तर कान वाकलेले असतात.

जोडताना

उलट क्रमानं, हे सगळेच सांगतात. मी दोन गोष्टींवर जोर देतो. पॅकिंग कोरडंच बसवा. सिलिकॉनची पेस्ट लावायचा सल्ला कुणी देईल, हसून सोडून द्या. पेट्रोलात ती फुगते, तुकडे सुटतात आणि तुम्ही नुकत्याच साफ केलेल्या जेटात जाऊन बसतात. दुसरं, जेट घट्ट करताना दोन बोटांचा जोर पुरे. ही मऊ धातूची बॉडी आहे, ट्रॅक्टरचं चाक नव्हे.

नीडल आणि फ्लोट बसवल्यावर झाकण उलटं धरा म्हणजे फ्लोटच्या वजनानं नीडल बंद होते. पेट्रोल येण्याच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून हळू फुंका. हवा जाता कामा नये. झाकण सरळ केलं की जायला हवी. इतकी सोपी परीक्षा, आणि ओव्हरफ्लोची निम्मी भीती इथंच जाते.

मिक्स्चर स्क्रू आधी मोजलेल्या आट्यांवर. मॅनिफोल्डमधला बोळा काढा. हे वेगळं लिहितोय, कारण विसरलेला माणूस मी पाहिलाय. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधल्या जाड ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना नवं पॅकिंग, नट कर्णाच्या क्रमानं, थोडे-थोडे. केबल जोडल्यावर पाय पूर्ण दाबून पाकळी पूर्ण उघडते आणि सोडल्यावर स्वतः बंद होते हे बघा. अडकत असेल तर गाडी सुरूच करू नका.

बॅटरी जोडा. सेल्फ दहा-दहा सेकंद, मध्ये दम देत. पेट्रोलचा पंप यांत्रिक आहे, रिकामं चेंबर भरायला त्याला वेळ लागतो. खिडकीत पातळी चढताना दिसते, आणि खरं सांगतो, या सगळ्या कामात तेवढं बघायला मला सगळ्यात जास्त आवडतं. पातळी खुणेशी थांबली, कुठं थेंब नाही, वास नाही, मगच चोक ओढून इंजिन लावा.

स्लो लावताना

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, पंखा-दिवे बंद, चोक पूर्ण आत. दोन स्क्रू आहेत, त्यांची गल्लत करू नका. एक पाकळीला टेकून तिला किती बंद होऊ द्यायचं ते ठरवतो, तो वेगाचा. दुसरा मिक्स्चरचा. बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत स्लोचा आकडा असतो, वेगाच्या स्क्रूनं त्याच्या जवळ आणा. मग मिक्स्चर पाव-पाव आटा फिरवा आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबून ऐका. इंजिन जिथं सगळ्यात गुळगुळीत आणि जरा चढ्या आवाजात चालतं तिथं थांबा, वेग वाढला असेल तर पहिल्या स्क्रूनं उतरवा. बूच शाबूत असलेल्यांनी फक्त वेगाचा.

मिक्स्चर फिरवूनही इंजिनाला काहीच फरक पडत नसेल तर स्लोचा रस्ता अजून बुजलेला आहे किंवा हवा गळतेय. बुडाच्या पॅकिंगभोवती साबणाचं पाणी थोडं शिंपडा, आवाज बदलला तर गळती तिथं. क्लीनर स्प्रेनं हीच परीक्षा करायचे व्हिडिओ आहेत. गरम इंजिनावर पेटणारा फवारा मारायची हौस मला नाही.

मग पीयूसीच्या केंद्रावर जाऊन आकडे बघा. भारत स्टेज २ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी निकष) च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साईड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. नुसता पास-नापास विचारू नका, आकडा विचारा. कार्बन मोनॉक्साईड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, मिक्स्चर थोडं आत.

खरी चाचणी मात्र पन्हाळ्याची. वाघबीळ सोडून चढ लागला की तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबा. दुसरा घसा उघडल्याचं आवाजातच कळतं, इंजिन घसा मोकळा करून गायला लागतं. ढेकर नाही, धक्का नाही, तर जेट आपापल्या घरी आहेत.

पुढच्या पावसाळ्याआधी टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा, रिकाम्या टाकीत दमट हवा जास्त मावते. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं चालवा, जागेवर उभी ठेवून नव्हे, रंकाळ्याला एक चक्कर मारून. महिनाभर हलणारच नसेल तर पेट्रोलची नळी सोडवून, तोंड बंद करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या म्हणजे चेंबर रिकामं होतं.

आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर बुडाचे नट गार इंजिनावर एकदा पान्यानं बघा, नवं पॅकिंग दबतं. माझे दोन अर्धा आटा ढिले निघाले.